जगाचा राम राम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव स्टेशनाबाहेर माझी गाडी उभी असते. रेल्वेने उतरलेल्या पाहुण्यांना अजिंठ्याला नेणं आणि संध्याकाळच्या गाडीला परत आणून सोडणं, हा धंदा. साठेक किलोमीटरचा रस्ता, त्यामुळे बोलायला वेळ भरपूर. कोणत्या देशाचा माणूस पहिल्या भेटीत काय म्हणतो, हे मी एका वहीत देवनागरीत लिहून ठेवत गेलो. आता नवीन पोरं, कॉलेजातली भाची, स्टेशनवरचे हमाल असे सगळे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकतो.

तुम्हाला इतक्या भाषा येतात?

नाही. अहिराणी, मराठी, हिंदी आणि गाडीपुरती इंग्रजी. बाकीच्या भाषांत फक्त राम राम घालता येतो, पुढचं काही कळत नाही. कधी कधी हे अंगाशी येतं. कोरियन माणसाला झोकात ‘अन्न्योंग हासेयो’ म्हटलं की तो खूश होऊन पाच मिनिटं कोरियनमध्ये बोलतो आणि मी नेरीपर्यंत मान हलवत बसतो.

नमस्ते आणि नमस्कार, योग्य कोणतं?

दोन्ही. ‘नमस्ते’ म्हणजे नमः अधिक ते, ‘तुला नमन’. यातला ‘ते’ एकवचनी आहे, म्हणजे अक्षरशः पाहिलं तर आपण समोरच्याला अरे-तुरे करतोय. ‘नमस्कार’ शब्दात समोरचा कोण, किती मोठा, याचा उल्लेखच नाही. मराठी माणसाला नमस्कार जवळचा का वाटतो, याचं कारण मला तरी हेच वाटतं. पण परदेशी पाहुणे नमस्तेच शिकून येतात. त्यांना सुधारत बसू नये.

खान्देशात नेमकं काय म्हणतात?

एक शब्द सांगा म्हणाल तर ‘राम राम’. एकदा म्हणून भागत नाही, दोनदाच. आमच्या गावातले एक आप्पा याचा हिशेब सांगायचे : व्यंजनांत र सत्ताविसावा, स्वरांत आ दुसरा, व्यंजनांत म पंचविसावा. बेरीज ५४, दोनदा म्हटलं की १०८, जपमाळ पुरी. हिशेब बरोबर येतो. शब्द त्या हिशेबामुळे दोनदा आला, असं मात्र मी म्हणणार नाही.

पण खान्देश एका शब्दात बसत नाही. वारकऱ्याला ‘रामकृष्ण हरी’, महानुभावांच्या घरी ‘दंडवत प्रणाम’, बाजारात कुणी ‘जय श्रीकृष्ण’, कुणी ‘जय जिनेंद्र’, वस्तीत ‘जय भीम’, मोहल्ल्यात सलाम. नंदुरबारकडे सातपुड्याच्या पायथ्याशी ‘जय आदिवासी’ ऐकू येतं, आणि आदिवासी संत गुला महाराजांना मानणाऱ्यांत ‘आप की जय’. बसस्टँडवर दहा मिनिटं उभं राहिलं तरी यातले पाच-सहा कानावर पडतात. ज्याचा जो असेल तोच त्याला परत द्यायचा, एवढं साधं व्याकरण आहे.

हे झालं पहिलं वाक्य. खरी विचारपूस त्याच्या पुढे सुरू होते. अहिराणीत ‘कसा शेतस?’, ‘काय चाली ऱ्हायनं?’, ‘जेवन व्हयनं का?’, आणि मृग लागला की ‘तुमनाकडे पानी कसा शे?’ यावल-रावेरकडे गेलात की लेवा बोलीतला ‘काय रे भो!’ पाठीवर थापेसकट येतो.

‘हॅलो’ हे फोनचा शोध लावणाऱ्या बेलच्या मैत्रिणीचं नाव होतं ना?

नाही, नाही, नाही. हा निरोप मला वर्षातून चार वेळा येतो. मार्गारेट हॅलो नावाची ती मैत्रीण लोकांनी रचलेली आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेलचं १८७७ साली लग्न झालं ते मेबल हबर्डशी, आणि लहानपणच्या आजारपणात तिची श्रवणशक्ती गेली होती. तिला फोनवर हाक मारून उपयोग नव्हता. शिवाय बेलला स्वतःला ‘हॅलो’ आवडत नव्हतं, तो खलाशांसारखं ‘अहॉय’ म्हणायचा.

‘हॅलो’चा आग्रह धरला एडिसनने. १५ ऑगस्ट १८७७ च्या पत्रात त्याने पिट्सबर्गच्या एका टेलिग्राफवाल्याला कळवलं की हॅलो हा शब्द दहा-वीस फुटांवरून ऐकू येतो, वेगळी घंटी बसवायची गरज नाही. शब्द त्याच्याही आधीचा, कुणाचं लक्ष वेधायचं असेल तर ‘अहो!’ म्हणून वापरात होता. म्हणजे हॅलो हा मुळात नमस्कार नव्हेच, हाळी आहे. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला आपण ‘ओ नाना!’ म्हणतो, तोच प्रकार.

जपानी लोक फोनवर ‘मोशी मोशी’ म्हणतात, चिनी ‘वेइ’. आपल्याकडे २ ऑक्टोबर २०२२ पासून सरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर ‘वंदे मातरम्’ म्हणावं, असं शासनाने ठरवलं.

अजिंठ्याला येणाऱ्यांना पहिल्यांदा काय म्हणावं?

बौद्ध देशांतले पाहुणे बरेच, म्हणून वहीची सुरुवात तिथूनच आहे.

जपानी : सकाळी ‘ओहायो गोझाइमासु’. याच्या मुळाशी ‘लवकर’ असा अर्थ आहे, ‘लवकर निघालात हं’ असं काहीसं. पहाटेच्या गाडीने उतरलेल्या माणसाला अगदी चपखल बसतं. दिवसा ‘कोन्निचिवा’, म्हणजे ‘आजचा दिवस तर…’ एवढंच! पुढचं वाक्य वापरून वापरून गळून पडलंय. रात्री ‘कोन्बानवा’. थोडं वाकायचं, हात पुढे करायची घाई नको.

श्रीलंकेचे : ‘आयुबोवन्’. यातला ‘आयु’ तुम्ही ओळखलाच असेल. दीर्घायुषी व्हा. आपल्याकडे हा आशीर्वाद मोठ्यांनी लहानांना द्यायचा, तिकडे कुणीही कुणालाही देतं. मात्र तो जरा समारंभातला शब्द, घरात-बाजारात सिंहली माणूस ‘कोहोमद?’ म्हणजे ‘कसं काय?’ असंच विचारतो.

म्यानमारचे : ‘मिंगलाबा’. पाली ‘मंगल’ त्यात बसलंय.

थायलंडचे : ‘सवातदी’. ही गोष्ट जरा लांब आहे.

सांगा की मग.

‘सवातदी’ म्हणजे आपलं ‘स्वस्ति’. थाई लिपीत लिहिताना ‘स’ लिहितात, पण अक्षराच्या शेवटी आला की त्याचा उच्चार ‘त’ होतो. ऐकायला पुरातन वाटतं, पण नमस्कार म्हणून हा शब्द विसाव्या शतकातला आहे. १९३० च्या दशकात बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठात फ्राया उपाकित सिल्पसान या भाषापंडिताने तो रुळवला आणि १९४३ मध्ये सरकारने अधिकृत केला. त्याआधी थाई माणूस ‘जेवलात का’, ‘कुठे निघालात’ असंच विचारायचा, आणि अजूनही विचारतो.

आता माझी फजिती. मला हा शब्द एका थाई बाईंनी शिकवला, ‘सवातदी खा’. मी दोन वर्षं येईल त्या थाई माणसाला मिश्या सावरून ‘सवातदी खा’ म्हणत होतो. लोक हसायचे, मला वाटायचं खूश झाले. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बाजूला घेऊन सांगितलं की ‘खा’ बायका म्हणतात, पुरुषांनी ‘ख्रप’ म्हणायचं. तेव्हापासून वहीत प्रत्येक शब्दापुढे कोण कुणाला म्हणतं, हेही लिहितो.

हात जोडण्याला ते ‘वाय’ म्हणतात. लहानाने आधी जोडायचे. समोरचा जितका मोठा तितके हात वर, भिक्खूंसाठी पार कपाळापर्यंत. भिक्खू उलट हात जोडत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

‘जेवन व्हयनं का?’ हे फक्त आपल्याकडेच विचारतात ना?

मीही असंच समजत होतो. चिनी ‘छ्र ल मा?’, कोरियन ‘बाप मोगोस्सोयो?’, थाई ‘किन खाव रू यांग?’, बर्मी ‘थमिन सा पी बी ला?’, नेपाळी ‘भात खानुभयो?’, तमिळ ‘साप्टिंगळा?’, मल्याळी ‘ऊणु कळिच्चो?’ या सगळ्यांचा अर्थ तोच, जेवलात का. यांतल्या कितीतरी भाषांत जेवणाला थेट भातच म्हणतात. आपण भाकरीवाले, तरी प्रश्न तोच.

उत्तरही सगळीकडे तेच : हो, झालं. भूक लागलेली असली तरी ‘हो’. सकाळी अकराला रिकाम्या पोटी उभा असलेला माणूसही आमच्या गावात ‘व्हयनं, व्हयनं’ म्हणतो. ‘नाही’ म्हणालात तर समोरच्याला ताट वाढणं भाग आहे. खान्देशात तर नक्कीच, आणि मग कळण्याची भाकर आणि ठेचा खाल्ल्याशिवाय सुटका नाही.

मंगोलियात गुरंढोरं धष्टपुष्ट आहेत का, असं विचारायची रीत आहे. आपल्या ‘कपाशी कशी शे?’चा हा चुलतभाऊ.

‘कुठे निघालात?’ विचारलेलं चालतं का?

इथे सांभाळा. आपल्याकडे घराबाहेर पडलेल्या माणसाला ‘कथा चालनात?’ असं टोकलं की म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठ्या. कामात खोडा पडतो म्हणतात. फार झालं तर ‘लांब का?’ असं वळसा घालून विचारावं. इंडोनेशियात मात्र ‘माऊ के माना?’ म्हणजे कुठे निघालात, हा रोजचा रामराम आहे. पत्ता सांगायचा नसतो, ‘जालान-जालान’, असंच फिरायला, म्हटलं की झालं.

त्यांचा दुसरा प्रश्न मला फार आवडतो, ‘आपा काबार?’ काय खबर? ‘काबार’ हा अरबीतून गेलेला आपलाच ‘खबर’. उत्तर ‘बाईक’, म्हणजे छान. माझा एक मित्र त्यावर आपल्या मोटारसायकलकडे बोट दाखवून मोकळा झाला होता.

समोरच्याने म्हटलं, तर उत्तर काय द्यायचं?

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात. पाठ सगळे पहिला शब्दच करतात, आणि उत्तर आलं की गोंधळतात. उत्तरातच तर मजा आहे.

‘अस्सलामु अलैकुम’ला ‘व अलैकुम अस्सलाम’, हे तुम्हाला माहीत आहे. सलामाचं उत्तर तितक्याच किंवा त्याहून चांगल्या शब्दांत द्यावं, असं कुराणातच सांगितलंय. अरबीत ही चढाओढ फार सुंदर चालते. एकाने ‘सबाह अल-खैर’, शुभ सकाळ म्हटलं की दुसरा ‘सबाह अन-नूर’ म्हणतो, प्रकाशाची सकाळ. इजिप्तकडे आणखी एक पाऊल पुढे, ‘सबाह अल-फुल्ल’, मोगऱ्याची सकाळ. ‘फुल्ल’ ऐकून मला वाटलं आपलंच फूल, पण तो निव्वळ योगायोग.

आयरिश भाषेत ‘दिया घ्वित’, देव तुझ्यासोबत असो. उत्तरात देवाबरोबर मेरी येते. त्याला पुन्हा उत्तर द्यायचं तर संत पॅट्रिकलाही बोलवायचं. गावाकडे दोन म्हाताऱ्या एकमेकींची ख्यालीखुशाली विचारताना नातवंडं, सुना, गाय, वासरू असं वाढवत नेतात, तसंच.

आणि झिम्बाब्वेची शोना भाषा. सकाळी विचारतात ‘मारारा सेई?’, झोप कशी झाली? उत्तर : ‘न्दारारा काना मारारावो.’ तुमची चांगली झाली असेल, तर माझीही चांगली झाली. वहीतलं हे एकच वाक्य मी पाहुण्यांना आपणहून वाचून दाखवतो. शोना बोलणारं कुणी अजून माझ्या गाडीत बसलेलं नाही.

आपण पाया पडतो, तसं आणखी कुठे आहे?

पूर्व आफ्रिकेत, शब्दांत. स्वाहिलीत लहानाने मोठ्याला ‘शिकामो’ म्हणायचं. मूळ अर्थ ‘तुमचे पाय धरतो’. वाकावं लागत नाही, म्हटलं की झालं. मोठ्याने ‘माराहाबा’ म्हणायचं. नायजेरियातल्या योरुबा लोकांत मात्र रीतसर आहे : मुलगे वडीलधाऱ्यांपुढे जमिनीवर लोटांगण घालतात, मुली गुडघे टेकतात.

‘जय’ म्हणणारे फक्त आपणच का?

कॉकेशस पर्वतातले जॉर्जियन लोक ‘गामार्जोबा’ म्हणतात, अर्थ विजय. उत्तर ‘गागिमार्जोस’, तुझाही विजय होवो. आपल्या ‘जय’मागे नेहमी कुणाचं तरी नाव असतं. त्यांनी विजय नुसताच ठेवलाय.

आफ्रिकेत ‘तू मला पाहिलंस म्हणून मी आहे’ असा नमस्कार आहे, हे खरं?

अर्धं. झुलू भाषेतला ‘सावुबोना’ खरा, आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘आम्ही तुला पाहिलं’ हाही खरा. त्यावरचं उत्तर साधं ‘येबो’, म्हणजे हो. मग ‘उन्जानी?’, कसा आहेस, आणि त्याला ‘न्गिखोना’, मी आहे. आपण ‘आहे बुवा’ म्हणतो, तितकंच. ‘तू पाहिलंस म्हणून मी अस्तित्वात आलो’ हे तत्त्वज्ञान प्रेरणादायी भाषणं देणाऱ्यांनी वर लावलेलं कलम आहे. अनेकांना एकदम म्हणायची पद्धत मात्र आहे, तेव्हा ‘सानिबोनानी’.

‘चाओ’ म्हणजे येतो की या?

दोन्ही. इटलीतल्या व्हेनिसच्या बोलीत त्याचा मूळ अर्थ ‘तुमचा दास’. ऑस्ट्रिया-हंगेरीकडचा ‘सर्वुस’ही लॅटिनमधला दासच. लडाखचं ‘जुले’ त्याहून सोयीचं : नमस्कार, आभार, निरोप, सगळ्याला एकच.

व्हिएतनामी ‘चाव’चा इटालियनशी काही संबंध नाही. त्याची खुबी वेगळीच. नुसतं चाव म्हणणं रुक्ष वाटतं, पुढे नातं लावावं लागतं : मोठा भाऊ असेल तर ‘चाव आन्’, मोठी बहीण ‘चाव ची’, धाकट्याला ‘चाव एम’. म्हणजे तोंड उघडण्याआधी समोरच्याचं वय ताडायचं. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. अनोळखी माणसाला भाऊ म्हणायचं, दादा, नाना, आप्पा की बाबा, हे जळगावचा भाजीवाला एका नजरेत ठरवतो. एका व्हिएतनामी बाईंना मी हे सांगितलं, तर उतरताना त्यांनी मला ‘नाना’ म्हटलं. मी तेव्हा चाळिशीत होतो.

हात मिळवावा का?

समोरच्याने पुढे केला तर. बाईमाणसाच्या बाबतीत तर नक्कीच हा नियम पाळा. रशियन माणसाशी उंबरठ्यावरून हात मिळवू नका, अशुभ मानतात. आमच्या आईलाही उंबरठ्यावरची देवाणघेवाण चालायची नाही, त्यामुळे मला हे लगेच पटलं. फ्रेंच लोक ओळखीत गालाला गाल लावतात, आणि किती वेळा ते प्रांतागणिक बदलतं. न्यूझीलंडचे माओरी नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ टेकवतात, त्याला ‘होंगी’ म्हणतात.

माओरींची आणखी एक गोष्ट संस्कृत शिकलेल्यांना आवडेल. एकाला ‘तेना कोए’, दोघांना ‘तेना कोरुआ’, तिघांपासून पुढे ‘तेना कोउतोउ’. द्विवचन अजून जिवंत आहे.

काम करणाऱ्या माणसाला वेगळा नमस्कार असतो का?

इराणमध्ये असतो. ‘ख़स्ते नबाशिद’, थकलेले नसा. दुकानदाराला, गवंड्याला, टॅक्सीवाल्याला, सगळ्यांना. पश्तोतही याच अर्थाचा आहे. आपल्याकडे याच्या तोडीचं मला काही सापडलं नाही. कपाशी वेचणाऱ्या बायांच्या जवळून जाताना आपण ‘काय, चाललं का?’ म्हणतो आणि पुढे जातो.

जागतिक नमस्कार दिन असतो म्हणे?

२१ नोव्हेंबर. १९७३ साली अरब-इस्रायल युद्धानंतर दोन अमेरिकन भावांनी सुरू केला. दिवसभरात दहा जणांना नमस्कार करायचा. स्टेशनपासून चहाच्या टपरीपर्यंतच माझे दहा होतात.

मराठी नमस्कार सगळ्यात लांब कुठे पोचलाय?

सूर्यमालेबाहेर. १९७७ साली सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, तिच्यावर ५५ भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यांत मराठी आहे. गुजराती आहे, कन्नड आहे, राजस्थानीसुद्धा आहे. अहिराणी नाही. परग्रहावरचं कुणी खान्देशात उतरलं तर त्याला पहिल्यापासून शिकवावं लागेल.

देवनागरीत लिहिलेले उच्चार बरोबर असतात का?

कामचलाऊ असतात. चिनी, थाई, व्हिएतनामी भाषांत सूर बदलला की अर्थ बदलतो, आणि सूर कागदावर उतरत नाही. ऐकून घोकावं. चुकलं तर पाहुणा सुधारतो.

मुलगा या लाईनीत येतोय. किती शब्द पाठ करून घेऊ?

सहा पुरे : ओहायो, कोन्निचिवा, सवातदी ख्रप (ख्रप, खा नव्हे), आयुबोवन्, अन्न्योंग हासेयो आणि फ्रेंचांसाठी बोंझूर. प्रत्येकाचं उत्तरही. त्यानंतर तोंड बंद ठेवून बॅग उचलावी, कारण रात्रभर रेल्वेत बसलेल्या माणसाला आधी चहा लागतो. आणि सोमवारी कुणालाच काही म्हणू नये. लेणी बंद असतात.